नागिणीची लस: खर्च किती, विमा देतो का, आणि दुकान किती दिवस सांभाळावं लागेल?



आजचा विषय जरा वेगळा आहे. दर वेळी आपण मार्जिन, उधारी, स्टॉक, जीएसटी यावर बोलतो. आज एका लसीबद्दल बोलूया. धंद्याच्या चॅनलवर लस कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. छोट्या धंद्यात सगळ्यात महागडी मशीन म्हणजे गल्ल्यावर बसणारा माणूस, आणि त्या मशीनची वॉरंटी कोणी देत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. मी बीबीए झालेली, कराडला स्टेशनरीचं दुकान चालवणारी बाई आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत घ्यायचा. मी सांगणार आहे ते डॉक्टरांकडे जायच्या आधी काय माहीत असावं, विम्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि दुकानाचं नियोजन कसं करावं, एवढंच.

आमच्या घरी काय झालं

दोन वर्षांपूर्वीचा जून. स्टेशनरीवाल्याला जून म्हणजे काय, हे सांगायला नको. शाळा उघडतात, वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हर, दप्तरं, सकाळी आठपासून गर्दी. वर्षाच्या कमाईतला मोठा भाग त्या महिन्यात होतो. बाबा तेव्हा ५८ वर्षांचे. शुगर आहे, पण गोळीवर नियंत्रणात.

एका संध्याकाळी म्हणाले, "डाव्या बरगडीत आग होतेय गं, ॲसिडिटी असेल." दोन दिवसांनी तिथेच लाल पुरळ आणि पाण्याचे फोड. शेजारच्या काकूंनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "नागीण आहे ही." मग नेहमीचं सुरू झालं. गेरू लावा, अमुक गावात उतरवून देतात तिकडे न्या, आणि तोंड-शेपूट जुळू देऊ नका, जुळलं की माणूस जातो. आम्ही गेरू लावला. सीझन होता, डॉक्टरकडे जायला कोणाला वेळ? पुरळ आल्यापासून पाचव्या दिवशी गेलो.

डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, "पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत आला असतात तर विषाणूविरोधी गोळ्यांचा जास्त फायदा झाला असता."

फोड तीन आठवड्यांत सुकले. दुखणं मात्र चार महिने राहिलं. रात्री पंख्याची हवा छातीला लागली तरी बाबा दचकून उठायचे. शर्टाचं कापड घासलं तरी त्रास. ज्या माणसाने तीस वर्षांत सुट्टी घेतली नाही, तो भर सीझनमध्ये वीस दिवस दुकानात आला नाही. नंतर आला तोही सैल बनियन घालून मागे खुर्चीत बसायला.

नागीण म्हणजे नक्की काय?

लहानपणी कांजिण्या होतात ना, त्याच विषाणूचा हा दुसरा खेळ आहे. त्याचं नाव व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो गपचूप झोपून राहतो. उधारी बुडाली असं समजून आपण वही बंद करावी आणि चाळीस वर्षांनी ती व्याजासकट समोर यावी, तसं आहे हे.

वय वाढलं की शरीराची पहारेदारी ढिली पडते. मधुमेह, कॅन्सरचे उपचार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांनीही धोका वाढतो. मग तो विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून पुरळ एका बाजूला, पट्ट्यासारखं येतं. मज्जातंतू कण्यापासून एकाच बाजूला पसरतात, त्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. तोंड-शेपूट जुळायची भीती इथेच सोडून द्या.

खरी भीती दोन गोष्टींची आहे:

१. मागे राहणारं दुखणं. पुरळ गेल्यावरही तीन महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त आग होत राहते. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांनुसार नागीण झालेल्यांपैकी १० ते १८ टक्के लोकांना हा त्रास होतो. वय जितकं जास्त तितका धोका जास्त.

२. डोळा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीजवळ फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नजरेला धोका असतो.

दुकानदारांसाठी आणखी एक मुद्दा. नागीण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याला थेट नागीण होत नाही. पण फोडांतल्या पाण्याच्या संपर्कात आलेल्या, कधीच कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवायचे आणि गरोदर बायका व तान्ह्या बाळांपासून लांब राहायचं. आमच्या दुकानात दिवसभर लेकुरवाळ्या बायका येतात. बाबांना घरी बसवण्याचं हेही एक कारण होतं.

लस कोणती आणि कोणासाठी?

भारतात सध्या बोलबाला आहे तो शिंग्रिक्स या लसीचा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीची ही लस अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाली आणि आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये ५० वर्षांवरच्या लोकांसाठी बाजारात आली. यात जिवंत विषाणू नसतो. विषाणूचा फक्त एक प्रथिनाचा तुकडा आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारा घटक असतो. त्यामुळे "लस घेतली आणि लसीनेच नागीण झाली" असं होऊ शकत नाही.

दोन डोस असतात, दंडाच्या स्नायूत. पहिल्यानंतर दुसरा २ ते ६ महिन्यांनी. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर दुसरा डोस लवकर देऊ शकतात.

आता तुम्ही म्हणाल, मी तर अठ्ठावीस वर्षांचा आहे, मला काय उपयोग? बरोबर आहे. ठणठणीत तरुणांसाठी ही लस नाही. पण तुमच्या धंद्याचा दुसरा खांब कोण आहे? सकाळी शटर उघडणारे वडील, पापडाचं पीठ मळणारी आई, गोडाऊन बघणारे सासरे. बहुतेक नवे धंदे याच पन्नाशीपुढच्या हातांवर उभे असतात. त्यांना आपण पगार देत नाही, म्हणून त्यांची किंमत आपल्या वहीत दिसत नाही. न आल्यावरच दिसते.

लस काम करते का?

या लसीची मोठी चाचणी ५० वर्षांवरच्या १५ हजारांहून जास्त लोकांवर झाली. अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना नुसतंच इंजेक्शन. साधारण तीन वर्षांत नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांत २१० जणांना नागीण झाली, तर लस घेतलेल्यांत ६ जणांना. म्हणजे सुमारे ९७ टक्के संरक्षण. सत्तरीपुढच्यांच्या वेगळ्या चाचणीत ते ९० टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच लोकांवर पुढे अकरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, तेव्हाही संरक्षण ऐंशी टक्क्यांच्या घरात टिकलेलं दिसलं.

एकदा नागीण झालेल्यालाही ही लस घेता येते, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. फक्त पुरळ अंगावर असताना घ्यायची नसते. ही बचावाची लस आहे, उपचाराची नाही.

विमा पैसे देतो का?

आता माझी स्वतःची चूक सांगते.

बाबांचे हाल बघून आईला लस द्यायची ठरवली. आई ५६ वर्षांची. घरचा फॅमिली फ्लोटर विमा होता, दरवर्षी हप्ता वेळेवर भरलेला. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, की आरोग्य विमा आहे म्हणजे लसही त्यातच. पहिला डोस घेतला, बिल पाठवलं. आठवड्याभरात उत्तर आलं: ओपीडी खर्च, लसीकरण, देय नाही. मी चिडले, मग पॉलिसीचं पुस्तक काढलं. "काय मिळणार नाही" या यादीत सरळ लिहिलेलं होतं. चूक कंपनीची नव्हती, माझी होती. दुसऱ्यांना करारातली बारीक अक्षरं वाचायला शिकवणारी मी, स्वतःच्या पॉलिसीचं पहिलं रंगीत पान सोडून पुढे गेले नव्हते.

म्हणून नीट समजून घ्या:

साधी हॉस्पिटलायझेशन पॉलिसी: ही मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च देते, साधारण २४ तासांच्या अटीवर. लस बाह्यरुग्ण विभागात घेतली जाते, म्हणून सहसा बाहेर. बऱ्याच पॉलिसींमध्ये लसीकरण वगळलेलं असतं आणि अपवाद फक्त प्राणी चावल्यावरच्या इंजेक्शनचा असतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीतही ओपीडी खर्च वगळलेला आहे. याउलट नागीण इतकी बळावली की दाखल व्हावं लागलं, तर तो खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मिळू शकतो. म्हणजे आजार झाल्यावर पैसे, टाळण्यासाठी नाहीत. विचित्र वाटतं, पण करार तसा आहे.

ओपीडी रायडर किंवा ओपीडी असलेली पॉलिसी: इथे आशा आहे, पण तीन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एजंटचं "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे.
- ओपीडीमध्ये प्रौढांचं लसीकरण धरलंय का, की फक्त डॉक्टरांची फी आणि तपासण्या?
- वर्षाची मर्यादा किती? एका डोसएवढी तरी आहे का?
- लस कुठेही चालेल, की त्यांच्या यादीतल्याच दवाखान्यात?

इथे एक युक्ती सांगते. दोन डोसमध्ये २ ते ६ महिन्यांचं अंतर चालतं. तुमची पॉलिसी समजा सप्टेंबरमध्ये रिन्यू होते. पहिला डोस जुलैत आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये घेतला, तर दोन डोस दोन वेगळ्या पॉलिसी-वर्षांत पडतात आणि दोन्ही वर्षांची ओपीडी मर्यादा वापरता येते. यात लबाडी काहीच नाही, फक्त कॅलेंडर बघायचं.

सरकारी योजना: आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. ही लस त्यात येत नाही. सरकारच्या मोफत लसीकरण कार्यक्रमातही ती नाही.

"पण अमेरिकेत तर फुकट मिळते!" माझ्या पुण्याच्या मावशीला तिच्या मुलाने न्यू जर्सीहून हेच सांगितलं. खरं आहे, पण कोणासाठी? तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या औषध योजनेत असलेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून या लसीसाठी खिशातून काही द्यावं लागत नाही. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्या आईवडिलांचा प्रवासी विमा म्हणजे मेडिकेअर नव्हे. तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो. त्या भरवशावर जाऊ नका.

टॅक्स: घरातल्या ६० वर्षांवरच्या व्यक्तीचा आरोग्य विमाच नसेल, तर तिच्या वैद्यकीय खर्चावर जुन्या कर पद्धतीत ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. तीच आपण कलम ८०डी म्हणून ओळखतो. अट अशी की पैसे रोखीने दिलेले नसावेत. म्हणून यूपीआय किंवा कार्डने द्या, बिल ठेवा आणि लसीचा खर्च त्यात कसा दाखवायचा ते तुमच्या सीएला विचारा. आणि कृपा करून हे बिल दुकानाच्या खर्चात घुसडू नका. घरचा खर्च घरच्या वहीत.

आता गणित, प्रामाणिकपणे

लसीची किंमत पाच आकड्यांत आहे. दवाखान्यानुसार थोडी बदलते, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करा. हिशोबासाठी आपण एका डोसला ११,००० धरू. दोन डोस म्हणजे २२,००० रुपये.

आता आमच्या वहीतलं नुकसान. जूनमधली रोजची विक्री सरासरी १८,०००. बाबा नसताना ती साधारण ३० टक्क्यांनी पडली, कारण मी एकटी गर्दी उरकू शकत नव्हते आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जात होतं. म्हणजे रोज ५,४०० ची विक्री गेली. वीस दिवसांत १,०८,०००. आमचं मार्जिन २० टक्के, म्हणजे हातातून गेले २१,६००. औषधपाणी वेगळं.

बघा, लस २२,००० आणि नुकसान २१,६००. व्हिडिओत दाखवायला किती छान! पण हे गणित अर्धवट आहे, आणि अर्धवट गणित दाखवून माल विकणाऱ्यांपासून मी तुम्हाला नेहमी सावध करते. नागीण प्रत्येकाला होत नाही. त्या चाचणीत लस न घेतलेल्या गटात वर्षाला हजारी साधारण नऊ जणांना झाली. म्हणजे पन्नाशीपुढच्या माणसाला येत्या दहा वर्षांत व्हायची शक्यता ढोबळमानाने दहात एक. मग अपेक्षित नुकसान किती? २१,६०० चा दहावा भाग, सुमारे २,१६०. नुसत्या पैशाच्या हिशोबात लस महाग पडते!

मग घ्यायची की नाही?

दुकानाचा आगीचा विमा का काढतो आपण? दुकान जळेलच म्हणून नाही. जळलं तर झेपणार नाही म्हणून. इथेही प्रश्न तोच विचारायचा: हा माणूस दोन-तीन महिने उभा राहू शकला नाही तर माझा धंदा टिकेल का? उत्तर "हो, टिकेल" असेल तर मग निर्णय फक्त त्या माणसाच्या वेदनेचा आणि तुमच्या ऐपतीचा आहे. उत्तर "नाही" असेल तर २२,००० कडे वेगळ्या नजरेने बघा. कामगाराला ईएसआयसी असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम ठरावीक दिवस मिळते. मालकाला? शून्य.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा:
१. आधी घरातल्या सगळ्यांचा हॉस्पिटलायझेशन विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता.
२. मग तीन महिन्यांच्या खर्चाएवढी बाजूला ठेवलेली रक्कम.
३. मग पन्नाशीपुढच्या माणसांची लस. त्यातही मधुमेह वगैरे असलेल्यांची आधी, डॉक्टरांशी बोलून.

कर्ज काढून लस घेऊ नका. दर महिन्याला २,००० बाजूला टाका, अकरा महिन्यांत दोन्ही डोस होतात. पहिल्या डोसचे पैसे तर सहाव्या महिन्यातच जमतात.

साइड इफेक्ट: घाबरू नका, पण नियोजन करा

ही लस जरा जोरात लागते. चाचण्यांमध्ये १०० पैकी साधारण ७८ जणांचा दंड दुखला. ४५ जणांना अंगदुखी, तितक्याच जणांना थकवा, ३८ जणांना डोकेदुखी, २७ जणांना थंडी वाजली, २१ जणांना ताप. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत गेला. पण अंदाजे सहातल्या एकाला तेवढे दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत. दुकानदाराने हा आकडा लक्षात ठेवायचा.

आईला पहिल्या डोसला फक्त दंड दुखला. म्हणून दुसऱ्या वेळी मी गाफील राहिले. शनिवारी संध्याकाळी डोस घेतला, रविवारी स्टॉक मोजायचा ठरलेला, कामाचा मुलगा सुट्टीवर. रात्री आईला थंडी वाजून ताप आला, १०१. रविवारी ती उठून बसेना आणि मी एकटी पेनांची खोकी मोजत होते. मंगळवारी ती दुकानात हजर! लसीत काही गडबड नव्हती, माझ्या वेळापत्रकात होती.

तर नियोजन असं करा:
- तारीख: सीझन, सण, लग्नसराई, स्टॉक मोजणी सोडून. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या आणि पुढचे दोन दिवस पर्यायी माणूस ठेवा.
- घरात दोघांना द्यायची असेल तर एकाच दिवशी नको. एक आठवड्याचं अंतर ठेवा, म्हणजे शटर उघडायला कोणीतरी असेल.
- हात: रोज वजन उचलणाऱ्याने ज्या हाताने कमी काम होतं त्या दंडात घ्यावी.
- ताप-दुखणं: नंतर ताप आला तर पॅरासिटामॉल चालते का, किती घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. लसीच्या आधीच गोळी घेऊन जाऊ नका.
- थांबा: डोस झाल्यावर १५ मिनिटं दवाखान्यातच बसा. अंगावर गांधी, चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास असं गंभीर ॲलर्जीचं लक्षण क्वचितच दिसतं, पण दिसलं तर तिथेच उपचार मिळतात.
- दुसरा डोस टाळू नका. पहिल्याला त्रास झाला म्हणून बरेच जण सोडून देतात. अर्धा हप्ता भरून पूर्ण विमा मिळत नाही.

आणखी एक दुर्मीळ धोका माहीत असू द्या. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा इशारा लसीच्या माहितीपत्रकात घालायला लावला. ६५ वर्षांवरच्यांमध्ये दहा लाख डोसमागे साधारण ३ जादा केसेस, असा तो अंदाज आहे. फार कमी, पण शून्य नाही. लसीनंतरच्या आठवड्यांत पायांतली ताकद जाऊ लागली, चालताना पाय लटपटू लागले तर घरी वाट बघू नका.

कोणी थांबायचं? लसीच्या घटकाची किंवा आधीच्या डोसची गंभीर ॲलर्जी असेल, सध्या नागीण असेल, गरोदरपण असेल किंवा अंगात चांगलाच ताप असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

दवाखान्यात गेल्यावर काय बघायचं

माल घेताना आपण तारीख बघतोच, इथेही बघा. खोक्यावरचं नाव आणि मुदत वाचा. कांजिण्यांची लस वेगळी असते, नावात गोंधळ होतो. ही लस दोन कुप्यांत येते, एकात पावडर, एकात द्रव, आणि देताना मिसळतात. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठलेली चालत नाही. म्हणून मेडिकलमधून घेऊन पिशवीत घालून एसटीने नेण्यापेक्षा जिथे साठवण नीट आहे अशा दवाखान्यातच घ्या. बिलावर लसीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या आणि दुसऱ्या डोसची तारीख कार्डवर टाकून घ्या. फोनमध्ये रिमाइंडर लगेच लावा.

शेवटचं

बाबांनाही नंतर, दुखणं पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस दिली. आधी म्हणाले, "एकदा झाली ना, आता कशाला? बावीस हजारांत वह्यांचे किती गठ्ठे येतील!" मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर त्या जूनची वही उघडून ठेवली. त्यांनी आकडे बघितले नाहीत. त्या वीस दिवसांच्या पानांवर त्यांचं एकही अक्षर नव्हतं, सगळं माझं होतं. तेवढंच बघत राहिले. मग म्हणाले, "कधी जायचं सांग."

आज तुमच्यासाठी एकच काम. घरातल्या पॉलिसीचं पुस्तक काढा, "काय मिळणार नाही" हे पान शोधा आणि चहा घेता घेता वाचून काढा. आणि घरात कोणाच्या अंगावर एका बाजूला आग होऊन पुरळ आलं, तर गेरू शोधायच्या आधी डॉक्टर गाठा. ७२ तास, विसरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि धंदा सांभाळणाऱ्यांनाही सांभाळा!